पोराला वर्षभर बसवायचं की मैदानात सोडायचं?

सत्तावीस-नऊ. बंड्यानं त्या रविवारी हा आकडा इतक्या वेळा घोळवला की शेवटी अण्णांनी त्याच्या पुढची शेवपुरीची प्लेट आपल्याकडे ओढून घेतली. "खायचं असेल तर आकडा बंद."

आमचा कट्टा म्हणजे मिशिगनमधल्या कँटनला, फोर्ड रोडवरच्या एका देशी किराणा दुकानाचा कोपरा. उन्हाळ्यात बाहेर फुलझाडांच्या सिमेंटच्या कठड्यावर बूड टेकायचं. बर्फ सुरू झाला की आत चाट काउंटरजवळच्या उंच टेबलाभोवती उभं राहायचं. आदल्या दिवशी, २९ नोव्हेंबर २०२५ ला, अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज सामन्यात ओहायो स्टेटनं अॅन आर्बरमध्ये येऊन मिशिगनला २७-९ असं हरवलं होतं. आधी या लढतीत सलग चार वर्षं मिशिगन जिंकत आलेलं, त्यामुळे बंड्याला चार वर्षांचं उट्टं काढायचं होतं. तो ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला शिकलेला. इथे राहून ओहायोवाला म्हणवून घेणं हे एक प्रकारचं धाडसच आहे, हे त्याला मान्य करावं लागेल.

अण्णांना हरल्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. "त्या पोराला या वर्षी उतरवायलाच नको होतं. रेडशर्ट करायचं, वर्षभर शिकवायचं, मग सोडायचं मैदानात."

पोरगा म्हणजे ब्राइस अंडरवुड. इथून जवळच्याच बेलव्हिलचा. शाळेतून बाहेर पडला तेव्हा देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू गणला गेलेला क्वार्टरबॅक, म्हणजे टीमची चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी, आणि ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतायत न होतायत तोच मिशिगनच्या पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून मैदानात.

२०२५ च्या हंगामात नियम साधा होता. कॉलेजात आल्यापासून पाच वर्षं हातात, त्यात खेळायचे हंगाम चार. म्हणजे एक वर्ष नुसता सराव करायचा, शिष्यवृत्ती चालू, वर्ग चालू, सामना नाही. हंगाम खर्ची पडत नाही. हे झालं रेडशर्ट. पूर्वी एका चेंडूपुरतं जरी मैदानात पाऊल ठेवलं तरी वर्ष गेलं, असा हिशेब असायचा. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळता येऊ लागलं आणि तरी वर्ष शाबूत राहू लागलं.

अण्णा ऐंशीच्या दशकात इथे आले, गाड्यांच्या कारखान्यात जन्म काढला, आणि मिशिगनच्या क्वार्टरबॅकांची वंशावळ त्यांना स्वतःच्या भाऊबंदांपेक्षा जास्त पाठ आहे. "१९९७ ला आपण एकही सामना हरलो नाही. क्वार्टरबॅक कोण? ब्रायन ग्रीसी. कितव्या वर्षात? पाचव्या! रेडशर्ट केलं नसतं तर तो तेव्हा कुठेतरी नोकरी शोधत असता. आणि त्याच्या मागे बेंचवर कोण बसलं होतं?"

"टॉम ब्रॅडी," आम्ही सगळे एका सुरात. हे दर हिवाळ्यात एकदा होतंच. ब्रॅडी पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगचा दिग्गज झाला.

"ब्रॅडी. १९९५ ला रेडशर्ट. मग दोन वर्षं बाकावर. चौथ्या वर्षी खेळायला मिळालं. त्याचा १९९९ चा हंगाम हा त्या बसवलेल्या वर्षाचाच. तो हंगाम नसता तर एनएफएलनं खेळाडू निवडताना त्याला १९९ व्या नंबरवर तरी उचललं असतं का?"

नागपूरकर इतका वेळ मोबाइलमध्ये बघत होता. तो वऱ्हाडीत सुरू झाला की समजायचं, भांडण खरं आहे. "अण्णा, तो जमाना गेला ना बाप्पा. ब्रॅडी बसला कारण त्याले जायले जागा नव्हती. तेव्हा कॉलेज बदललं तं एक वर्ष घरी बसा लागे. आता? बदलीच्या पोर्टलमध्ये नाव टाकलं का झालं, दुसऱ्या हंगामाले दुसरीकडे. हा पोरगा लुइझियानाच्या एलएसयूले हो म्हणून बसला होता, त्याले ओढून आणला. पैशाचे आकडे पेपरात फिरत होते. अन् आणून म्हणायचं, बेटा, वर्षभर टाळ्या वाजव?"

"सेयिन बसला की," बंड्या म्हणाला. आकड्यावर बंदी होती, नावावर नव्हती.

हा मात्र नेमका बाण होता. ओहायो स्टेटचा ज्युलियन सेयिन आधी अलाबामात दाखल झालेला, तिथले कोच निक सेबन जानेवारी २०२४ ला निवृत्त झाले तसा कोलंबसला आला, आणि २०२४ चं वर्ष त्याचं रेडशर्टमध्ये गेलं. त्या वर्षी विल हॉवर्डनं ओहायो स्टेटला राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून दिलं. पुढच्या वर्षी सेयिन उतरला आणि आदल्या दिवशी बर्फात इतका निवांत खेळला, जणू घराच्या अंगणात आहे. समोरचा आमचा पोरगा प्रत्येक चेंडूला घाईत.

"तुमच्याकडे हॉवर्ड होता," मी म्हणालो. "कॅन्सस स्टेटमधून मुरून आलेला. आमच्याकडे कोण होतं? डेव्हिस वॉरनचा गुडघा गेल्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात गेला. बाहेरून आणलेला मिकी कीनही दुखापतीत. बसवायला आधी खेळणारा कुणीतरी लागतो ना."

"आणि तरी बारापैकी नऊ जिंकले," नागपूरकर.

"नऊ जिंकले ते बचावाच्या जोरावर," अण्णा म्हणाले. "मी पोराबद्दल बोलतोय, टीमबद्दल नाही. २००४ ला चॅड हेनीचं हेच झालं. मोठ्या क्वार्टरबॅकचा खांदा दुखावला, एकोणीस वर्षांच्या पोराला उतरवला. चार वर्षं खेळला बिचारा. ओहायो स्टेटविरुद्ध किती जिंकला? शून्य."

"पहिल्याच वर्षी रोझ बोलच्या मानाच्या सामन्याला नेलं त्यानं, ते सांगा की!" मी म्हणालो.

"एका गुणानं हरलो तिथे."

"तो काय त्याचा दोष?"

इथे अण्णांची लेक पिंकी मध्ये पडली. ती दुसऱ्या एका विद्यापीठात शिकताना फुटबॉल टीमची विद्यार्थी-मदतनीस होती. चेंडू भर, पाणी दे, सरावाचं चित्रीकरण कर, असली कामं. आमच्यात सराव जवळून पाहिलेली ती एकटीच, आणि म्हणूनच बहुधा सगळ्यात कमी बोलते. "बाबा, वर्षभर शिकवायचं म्हणताय. तो वर्षभर करतो काय, माहितेय?"

अण्णा गप्प.

"येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना असेल त्यांची नक्कल. एक सहायक कोच प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं कार्ड वर धरतो. त्यावर जाड मार्करनं समोरच्या टीमची चाल काढलेली, कोण कुठे पळणार ते बाणांनी दाखवलेलं. पोरानं कार्ड बघायचं आणि तसंच करून दाखवायचं, म्हणजे आपल्या बचावाला सराव. या आठवड्यात एका कॉलेजची चाल, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. स्वतःच्या टीमच्या चाली करायला मिळतात त्या उरल्यासुरल्या वेळात, कारण मुख्य क्वार्टरबॅकच बहुतेक सराव खाऊन टाकतो. आणि सरावात क्वार्टरबॅकला कुणी हात लावायचा नाही. वेगळ्या रंगाचा शर्ट असतो त्याला. अंगावर धावून येणाऱ्या माणसाची भीती तिथे कळतच नाही."

मी विचारलं, "पण आता हेल्मेटमध्येच कोचचा आवाज येतो ना?"

"२०२४ पासून येतो. पण चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद. आणि समोरचे हुशार लोक वाट बघतात त्याचीच. आवाज गेला की त्यांच्या बचावातले मागचे दोघे हळूच जागा बदलतात. तिथून पुढे पोरगा एकटा."

"मग हेच तर म्हणतोय मी!" अण्णांना अचानक बळ आलं. "त्या एकटेपणात घाबरलेला पोरगा काय करतो? लांब पळणाऱ्या साथीदाराकडे बघायचं सोडून अंगावर येणाऱ्याकडे बघतो. एकदा नजर खाली गेली की ती सवय निघता निघत नाही. कार्ड बघून भीती कळत नसेल, पण वाईट सवय तरी लागत नाही. व्यायामशाळेत दहा किलो मांस चढतं ते वेगळंच."

हे पटण्यासारखं होतं आणि नागपूरकरलाही पटलं असावं, कारण त्यानं लगेच विषय बदलला. "सचिनले सोळाव्या वर्षी पाकिस्तानात पाठवला होता."

"क्रिकेटमध्ये पाचच वर्षं मिळतात का?" पिंकी म्हणाली. सचिन तिथेच संपला.

मला मात्र मघापासून एक हिशेब खटकत होता तो मी मांडला. रेडशर्टचा मोठा फायदा काय सांगतात? वर्ष वाचतं. पण कुणाचं? एनएफएलचा नियम आहे की शाळा सुटल्यावर तीन वर्षं झाली की पोरगा तिकडे जाऊ शकतो. जो खरोखर अफाट आहे तो तिसरं वर्ष संपलं की जाणारच. जॉनी मॅनझेल बघा. २०११ ला रेडशर्ट, २०१२ ला हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची), २०१३ खेळला आणि गेला. जेमिस विन्स्टन एक वर्ष मागे, पण गोष्ट तीच. रेडशर्ट, मग हाइझमन आणि अजिंक्यपद, आणखी एक हंगाम, टाटा. कॉलेजांनी जपून ठेवलेली ती शेवटची वर्षं कुणीच वापरली नाहीत. त्यांना पहिल्या वर्षी बसवलं म्हणजे वर्ष वाचवलं नाही, तीनातलं एक घालवलं. म्हणून सगळ्यात गुणी पोराच्या बाबतीत 'वर्ष वाचेल' हे कारणच लंगडं आहे. तो अजून तयार नाही हे कारण असेल तर गोष्ट वेगळी.

अण्णा शांतपणे म्हणाले, "अठराव्या वर्षी तुला कसं कळणार, कोण अफाट आहे? ब्रॅडीबद्दल कुणाला कळलं होतं? आणि तो बंड्यांचा, काय त्याचं नाव, बरो?"

बंड्याचा चेहरा पडला. जो बरो हे ओहायो स्टेटचं जुनं दुखणं आहे. २०१५ ला त्यांनी त्याला रेडशर्ट केलं, पुढची दोन वर्षं बाकावर ठेवलं. त्यानं तीन वर्षांत पदवी घेतली आणि २०१८ ला तो एलएसयूला निघून गेला. तिथलं पहिलं वर्ष बरं, त्यात विशेष असं काही नाही. आणि मग २०१९, पाचवं वर्ष: साठ टचडाउन पास, हाइझमन, पंधरापैकी पंधरा सामने, अजिंक्यपद. रेडशर्ट नसतं तर हा हंगाम कधी झालाच नसता. अण्णांचा मुद्दा शंभर टक्के खरा ठरवणारा दाखला.

"खरा ना?" नागपूरकर हसत सुटला. "पण अण्णा, वर्ष वाचवलं कोणी अन् खाल्लं कोणी? कोलंबसवाल्यायनं सांभाळलं अन् लुइझियानावाल्यायनं वापरलं. कोच कायले करीन असं? अन् आता तं पोरंच रेडशर्ट हातात घेऊन बसतात. क्लेम्सनचा केली ब्रायंट आठवते का?"

आठवतो. २०१८, चार सामन्यांचा नियम लागू झाला तेच वर्ष. ब्रायंट मुख्य क्वार्टरबॅक, चारही सामने जिंकलेले. पण मागे ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा उभा. पाचव्या सामन्यासाठी कोचनं लॉरेन्सला मुख्य केला. ब्रायंटचे चारच सामने झाले होते, म्हणजे वर्ष अजून वाचत होतं. तो त्याच आठवड्यात बाहेर पडला आणि पुढे मिझुरीकडून खेळला. नियम आणला होता कोवळ्या पोरांना थोडी चव मिळावी म्हणून, आणि पहिल्याच वर्षी गाजवला तो शेवटच्या वर्षाच्या माणसानं. लॉरेन्सनं मात्र जानेवारीत अलाबामाला ४४-१६ असं धुतलं. पुढे २०२४ ला नेव्हाडाच्या यूएनएलव्हीचा मॅथ्यू स्लुका तर तीन सामने जिंकून, कबूल केलेलं पाळलं नाही असं म्हणत, हंगामाच्या मध्यातच निघून गेला. त्याचंही वर्ष शाबूत.

"म्हणून मला मॅकार्थीचं बरोबर वाटतं," पिंकी म्हणाली. २०२१ ला जे. जे. मॅकार्थीला मिशिगननं ना बसवलं ना मुख्य केलं. केड मॅकनमारा मुख्य. मॅकार्थी बहुतेक सामन्यांत थोड्या वेळासाठी यायचा, दोन-चार चाली खेळून जायचा. हंगाम खर्ची पडला तर पडू दे. पुढच्या वर्षी मुख्य झाला, त्याच्या पुढच्या वर्षी अजिंक्यपद आणि मग एनएफएल. न वाचवलेलं ते वर्ष त्याला कधी लागलंच नाही.

"मॅकनमाराला भोगावं लागलं ना त्याचं," अण्णा पुटपुटले. "ओहायो स्टेटला हरवून दिलं त्यानं, आणि वर्षभरात आयोवाला जायची पाळी."

माझं मत विचाराल तर मी पिंकीच्या बाजूचा, पण एका अटीवर. मॅकनमारासारखा पुढे उभा राहणारा कुणी असेल तरच. तो नसेल तर रेडशर्टची चर्चा पोकळ आहे. पोराला बसवून हरणारा कोच पुढच्या वर्षी त्याला खेळवायला उरतच नाही. मिशिगनचा कोच तर पुढच्या दहा-अकरा दिवसांतच गेला. वेगळ्याच कारणानं गेला, पण पोराला धीरानं घडवायच्या बाता करणाऱ्यांनी कोचची नोकरी किती दिवसांची असते तेही बघावं. शिवाय पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत अशी चर्चा तेव्हा चालू होतीच. तसं झालं तर हा वादच मिटला, आणि अण्णांची ब्रॅडीकथा निव्वळ इतिहासात जमा.

पण अण्णा अजून हटले नव्हते. "रेडशर्ट काही पहिल्याच वर्षी करावं लागतं असं नाही. पुढच्या वर्षी पोर्टलमधून एक मुरलेला आणा आणि अंडरवुडला तेव्हा बसवा. एकोणिसावं वर्ष म्हणजे काही म्हातारपण नाही."

नागपूरकरनं मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. "बसवा ना. दुसऱ्या दिवशी तो पोर्टलमध्ये, अन् तिसऱ्या दिवशी कोलंबसले."

बंड्या शेवपुरीकडे हात नेता नेता थांबला. चेहरा एकदम उजळलेला.

"मग खेळवा," अण्णा म्हणाले, आणि प्लेट आणखी थोडी आपल्याकडे ओढली. "मरू दे ते रेडशर्ट."