‘शिक्षा’ मराठीने बिघडवली नाही

‘मूळ संस्कृत शब्द शिक्षा म्हणजे ज्ञान, एकट्या मराठी माणसाने त्याचा अर्थ दंड करून शब्दाची वाट लावली’, असा मजकूर मुंबईतल्या बऱ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे. ‘शिक्षा’ हे सहा वेदांगांपैकी एक, उच्चारांचं शास्त्र. याच धातूपासून आपलं शिकणे, हिंदीतलं सीखना, गुजरातीतलं शीखवुं. हिंदी आणि बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे खरंच. पण गुजरातीत शिक्षा म्हणजे दंडच. आणि कन्नड, तेलुगू, मल्याळम या तर आर्यकुळातल्याही नाहीत. त्यांनीही हा शब्द संस्कृतातून घेतला आणि दंडासाठी वापरला. मग एकट्या मराठीवर आळ कशासाठी?

शिकवणे आणि वळण लावणे यांत अंतर थोडंच. ‘चांगला धडा शिकवतो’ हे आपण कुठल्या सुरात म्हणतो? बंगालीतही ‘उचित शिक्षा देणे’ म्हणजे अद्दल घडवणे.

तेव्हा दादरला कुणी हिंदीत ‘मेरी शिक्षा यहीं हुई’ म्हणालं, तर तुरुंग कोणता असं विचारू नका. आणि महापालिकेच्या ‘शिक्षण विभागा’ची पाटी शुद्ध मराठी आहे, ती बदलायची काहीही गरज नाही.