'इट' नेमकं कुठे बसतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या वाचनात राग आला होता. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की निम्मी चूक माझीच आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की फ्रेझल व्हर्बमध्ये, म्हणजे 'टर्न ऑफ', 'पिक अप' अशा क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोडीत, सर्वनाम आलं की ते नेहमी मधे बसतं. 'टर्न इट ऑफ' म्हणायचं, 'टर्न ऑफ इट' नाही. त्यावर सरांनी विचारलं : स्वारगेटला बसमधून उतरताना 'गेट ऑफ इट' म्हणतात, 'गेट इट ऑफ' म्हणत नाहीत, मग तुमचा नियम कुठे गेला? 'वेक अप एव्हरीवन' चालतं, तर 'वेक अप हिम' का नाही? आणि शेवटी, 'स्विच ऑफ इट' म्हटलं तरी पंखा बंद होतोच, तेव्हा हे सगळे क्लासवाल्यांनी फीसाठी काढलेले चोचले आहेत.

फीचं राहू दे. बसपासून सुरू करते.

तुम्ही स्वतः तीस वर्षं मराठी शिकवलंत असं लिहिलंय, म्हणून तुमच्याच विषयातून सांगते. 'तो वर गेला' मधलं 'वर' आणि 'टेबलावर' मधलं 'वर' यांचा फरक तुम्ही किती मुलांकडून घोटून घेतला असेल! पहिलं क्रियाविशेषण, दुसरं शब्दयोगी. शब्द तोच, पण एक क्रियापदाकडे बघतो आणि दुसरा नामाला चिकटतो. इंग्रजीतल्या 'ऑफ', 'अप', 'ओव्हर' यांची हीच गत आहे. 'गेट ऑफ द बस' मधलं 'ऑफ' बसचं आहे, शब्दयोगी. आपलं शब्दयोगी नामाच्या मागून येतं, त्यांचं पुढे येतं, इतकंच. ते बसला सोडत नाही, म्हणून बसच्या जागी 'इट' आलं तरी ते 'ऑफ'च्या नंतरच येणार. 'टर्न ऑफ द फॅन' मधलं 'ऑफ' मात्र क्रियापदाचं. ते पंख्याला बांधलेलं नाही, म्हणून 'टर्न द फॅन ऑफ' असं सुटंही होतं आणि 'इट'ला मधे जागा देतं.

वर्गात मी एकच प्रश्न विचारते : ऑफ कोण झालं? बसमधून मी उतरले, म्हणजे ऑफ मी झाले, बस नाही. पंख्याच्या बाबतीत ऑफ पंखा झाला. आणि गंमत म्हणजे तुम्ही जे कोणी म्हणत नाही म्हणालात, ते 'गेट इट ऑफ' लोक रोज म्हणतात. डब्याचं झाकण घट्ट बसलंय, निघत नाहीये : 'आय कान्ट गेट इट ऑफ.' इथे ऑफ व्हायचंय झाकणाला. तेच 'गेट', तेच 'ऑफ', आणि 'इट'च्या जागेवरून कळतं की उतरायचंय की उघडायचंय.

ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगून टाकते. शब्दकोशात शब्द बघितला तर 'लुक इट अप'. वर कोण गेलं? कोणीच नाही. तिथे मी दुसरी परीक्षा घेते : मधे 'केअरफुली' किंवा 'क्विकली' घालून बघायचं. 'लुक केअरफुली अ‍ॅट द वर्ड' खुशाल चालतं, म्हणजे 'अ‍ॅट' शब्दाला बांधलेलं आहे, म्हणून 'लुक अ‍ॅट इट'. 'लुक क्विकली अप द वर्ड' कोणी म्हणणार नाही, म्हणजे 'अप' क्रियापदाचं, म्हणून 'लुक इट अप'. 'लुक आफ्टर हर', 'रन इन्टू हिम', 'कम अक्रॉस इट' ही सगळी बसच्या घराण्यातली. आणि 'रन ओव्हर' कुठल्याच नियमाला जुमानत नाही. गाडीखाली सापडलेल्याबद्दल 'रॅन हिम ओव्हर' म्हणतात आणि 'रॅन ओव्हर हिम'ही म्हणतात. आपल्या रस्त्यांवर दोन्ही वापरायची वेळ येऊ नये.

आता 'एव्हरीवन'. हा मुद्दा तुम्ही फार छान काढलात, आणि मी लेखात तो टाळला होता. सर्वनाम म्हणून सगळ्यांना एका पंगतीत बसवणं चूकच. मधे बसायची सक्ती फक्त हलक्या सर्वनामांना आहे : मी, यू, हिम, हर, इट, अस, देम. ही इतकी हलकी असतात, की बोलताना जवळजवळ गिळली जातात. 'टर्न इट ऑफ' कानाला 'टर्निटॉफ' ऐकू येतं, 'पिक इट अप' म्हणजे 'पिकिटप'. जोर असतो शेवटच्या 'ऑफ'वर, 'अप'वर. इंग्रजी वाक्याचं शेवटचं आसन साधारणपणे वजनदार किंवा नव्या गोष्टीसाठी राखीव असतं, आणि 'इट' म्हणजे तर ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेली वस्तू. तिला शेवटी बसवणं म्हणजे नवरदेवाच्या पाटावर करवल्याला बसवणं. 'एव्हरीवन'ला स्वतःचं वजन आहे, त्यामुळे 'वेक अप एव्हरीवन' आणि 'वेक एव्हरीवन अप' दोन्ही बरोबर. 'हिम'ला सुद्धा वजन दिलं, 'हिम अँड हिज ब्रदर' अशी जोडी लावली, की ते बरेचदा शेवटी चालून जातं. एकट्या 'हिम'ला मात्र मधेच बसावं लागतं.

राहिले चोचले. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत मान्य केलं होतं, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही तऱ्हा परक्यांना सगळ्यात जड जाते. तेव्हा पुण्यात शनिवारवाड्यावर नानासाहेब पेशवे होते आणि क्लासवाले जन्मायचे होते.

पंखा बंद होतो, हे मात्र तुमचं खरं. माझ्याकडे हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी येते. ती ग्राहकांना 'आय विल कॉल बॅक यू' सांगायची आणि एकाही ग्राहकाचं त्यावाचून अडलं नाही. पण तिनेच मॅनेजरच्या निरोपसमारंभात भरल्या गळ्याने सांगितलं, 'शी ऑल्वेज सॉ थ्रू मी.' तिला म्हणायचं होतं 'सॉ मी थ्रू', म्हणजे अडचणीच्या काळात मला तारून नेलं. म्हणाली ते असं, की माझं सोंग बाई नेहमी ओळखून होत्या. मॅनेजरबाई हसल्या म्हणे. त्या अर्थानेही ते खरं असावं.

आपली माणसं इथे का अडखळतात, याबद्दल माझा एक अंदाज आहे. आपण बोलताना म्हणतो 'बंद कर तो', 'टाकून दे ते'. मराठीत हलकं सर्वनाम असं क्रियापदामागून लोंबकळत आलं तरी कानाला खटकत नाही. त्याच चालीवर 'स्विच ऑफ इट' होतं. शिवाय हे शब्द आपण मराठीत अख्खे गोळाच घेतलेत : 'पिकअप करतो', 'स्विच ऑफ कर', 'सेटअप करून दे'. गोळा गिळलेला असल्यावर त्याच्या मधे काही घालायचं सुचणार कसं? तर्खडकरांच्या इंग्रजी शिकवणाऱ्या पाठमालांवर पोसलेल्या पिढीला हा त्रास नव्हता असं तुम्ही लिहिलंय. माझे वडील त्याच पिढीतले. तेही फोनवर 'आय विल ड्रॉप ऑफ यू अ‍ॅट डेक्कन' म्हणायचे.

आणि एक वाक्य खास तुमच्यासाठी, कारण तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ वाचून पहिल्यांदा तेच तोंडात आलं होतं : 'डोन्ट टेक इट आऊट ऑन मी.' कुठला तरी राग माझ्यावर काढू नका. यात दोन्ही घराणी शेजारी बसलीत. 'आऊट' क्रियापदाचं, म्हणून 'इट' त्याच्या आधी. 'ऑन' शब्दयोगी, म्हणून 'मी' त्याच्या नंतर.

मूळ लेखातला 'नेहमी' काढून टाकलाय आणि बस व झाकण दोन्ही त्यात घातलीत. 'एव्हरीवन'चा मुद्दा तुमचा आहे असंही तिथे लिहिलंय. नाव नको असेल तर कळवा.