‘दिवाळीनंतर पोतं भरा’ म्हणणाऱ्यांना आधी कांदा कुठला ते विचारा

दिवाळी सरली की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. सार असं: नवा लाल कांदा स्वस्त झाला की पोतंभर घ्या, थंडीत तो आपोआप टिकतो. तुरटीच्या पाण्यात धुवा, उरलेला फ्रिजमध्ये ठेवा. बटाट्याजवळ ठेवू नका, कांद्याच्या वायूने बटाट्याला कोंब फुटतात. आणि काळे डाग दिसले तर फेकाच, तो ‘ब्लॅक फंगस’. नाशिकच्या कांदापट्ट्यातल्या, निफाडकडच्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

मुळात कांदाच चुकीचा धरलाय. नोव्हेंबर-डिसेंबरात येतो तो खरिपाचा लाल, आमच्याकडचा पोळ कांदा. पावसात वाढलेला, अंगात पाणी जास्त, मान जाड. शेतकरी स्वतः तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरत नाही. काढला की ट्रॅक्टर मार्केटला. मागून येणारा रांगडा थोडा बरा, पण बेगमीचा नव्हेच. साठवायचा तो उन्हाळ, मार्च ते मेमध्ये निघणारा. त्याच्या पाती शेतातच माना टाकतात. उपटल्यावर तीच पात कांद्यांवर पांघरून तीन-चार दिवस वाळवतात, मग इंच-दीड इंच मान ठेवून कापतात आणि सावलीत पुन्हा सुकवतात. मान अशी मिटली की सडण्याची मोठी वाट बंद होते. म्हणून हा कांदा चार-सहा महिने टिकतो, आणि तरीही चाळीत वजनात घट येतेच.

घेताना अंगठ्याने मान दाबून बघा. कागदासारखी कुरकुरली तर ठेवा; आत दबली तर तो आठवड्याचा पाहुणा. जोड कांदा आणि मधे दांडा असलेला डेंगळा आधी वापरायला काढा. हे शहाणपण मलाही फुकट आलेलं नाही. एका डिसेंबरात मोहात पडून दहा किलो लाल गॅलरीत ठेवला. तिसऱ्या आठवड्यात टोपलीखालून तपकिरी पाणी वाहिलं, आणि वासाचं मूळ शोधायला आधी शेजारच्या काकू आल्या.

‘थंडीत टिकतो’ हे बर्फ पडणाऱ्या मुलुखातलं ज्ञान असावं. कांदा झोपतो तो शून्याच्या आसपास, नाहीतर थेट 25 ते 30 अंशांत. मधल्या 10 ते 20 अंशांत त्याला जाग येते, आणि आपल्याकडचा हिवाळा बराचसा याच पट्ट्यात असतो. डिसेंबर-जानेवारीत टोपलीतले कांदे हिरवे शेंडे काढतात ते उगाच नाही. कोंब ही कांद्याची आतली वेळ आहे, तुरटीने ती थांबत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात त्यासाठी गॅमा किरणांचा मारा करतात, यावरून काय ते समजा. आणि धुणं? वाळलेली साल म्हणजे कांद्याचा रेनकोट. तोच भिजवायचा तर बाकी काही करायला नको.

फ्रिजचं थोडक्यात. शीतगृहात शून्याजवळ तापमान आणि 65-70 टक्केच आर्द्रता राखतात. घरचा भाजीचा कप्पा दमट असतो. तिथे कांदा मऊ पडतो, मुळ्या फोडतो, आणि बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो. चिरलेला अर्धा कांदा डब्यात बंद करून ठेवायला मात्र फ्रिजच हवा.

बटाट्याचा सल्ला बरोबर, कारण चूक. त्या वायूचं नाव इथिलीन. काही गोदामांत तो मुद्दाम सोडतात, तोही बटाट्याचे आणि कांद्याचे कोंब रोखायला! वेगळं ठेवायचं ते दोघांच्या सवयी जुळत नाहीत म्हणून. बटाट्याला अंधार आणि थोडी ओल लागते, कांद्याला कोरडा वारा.

काळ्या डागांची अफवा 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, जोरात होती. सालीवरची ती काजळी म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी. ‘ब्लॅक फंगस’ म्हणतात तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस; तो करणाऱ्या बुरश्यांचं कूळच वेगळं. वरचे एक-दोन पापुद्रे काढा, हात धुवा, कांदा खा. काजळी आतपर्यंत गेली असेल किंवा कांदा पिचपिचीत असेल तरच टाका.

मग हिवाळ्यात करायचं काय? लाल कांदा दोन-तीन किलोच आणा, पलंगाखाली गोणपाटावर एका थरात पसरा, प्लास्टिकची पिशवी दारातच सोडा. दर रविवारी हात फिरवून एखादा मऊ लागला तर त्याच दिवशी भाजीत घाला. अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा बांधतात, तशी आढ्याला टांगायची सोय असेल तर दुधात साखर. आणि स्वस्ताईचा मोह आवरतच नसेल, तर पातळ चिरून कडक उन्हात वाळवा. चिमटीत मोडताना कट् वाजला की घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. एप्रिलात कांदा-लसूण मसाल्याला कामी येईल.