‘सा’ सरकतो तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तिच्यातल्या रागाबद्दलही, नुसत्या ‘छान लिहिलंय’पेक्षा तो परवडला. तुमचे आक्षेप तीन : जॅझचं शिक्षण नसताना मी माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या जॅझ अल्बमवरच्या लेखात रागसंगीत आणलं, ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या हिंदुस्तानी वाद्यसंगीताच्या अल्बमात राग फुलायच्या आत संपतो असं म्हटलं, आणि एकूणच अभिजात अल्बमांना ‘मला असं वाटलं’ हेच माप लावलं.

पहिल्यावर जरा थांबतो. त्या अल्बममधल्या ‘सो व्हॉट’चे पहिले १६ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) काफी थाटाच्या स्वरांत आहेत : गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. जॅझवाले याला डोरियन म्हणतात. मग ८ बार हेच सगळे स्वर जसेच्या तसे अर्ध्या स्वराने वर सरकतात, आणि शेवटचे ८ बार पुन्हा मूळ जागी. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हा धक्काच असतो, कारण आपल्याकडे राग चालू असताना ‘सा’ हलत नाही. मी लिहिलं होतं ते या धक्क्याबद्दल. साम्य तुम्ही वाचलंत. पॉल चेंबर्सचा बेस काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांत) त्याला उडवून लावतात, तेही मी कानानेच टिपलं. त्यासाठी पदविका लागली नाही.

शिक्षणाचंच म्हणाल तर एक गंमत सांगतो. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या २ मार्च १९५९च्या ध्वनिमुद्रणात टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर जराशा चढ्या स्वरात वाजत राहिल्या. दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२मध्ये. तोवर जाणकार काय नि हौशी काय, सगळे ती चढी बाजूच ऐकत होते, आणि अल्बम अभिजात ठरला तो तीच ऐकून.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) म्हणजे काश्मिरी मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अहिर भैरव ते पहाडी, एलपीच्या दोन बाजूंत. एका बाजूला साधारण २० मिनिटं. एवढ्यात राग निवांत मांडायला जागाच नाही. आखणीच तशी आहे हे मान्य, पण मला अपुरं वाटायचं ते वाटतंच. आणि सगळे लिहितात शिवकुमार शर्मांच्या संतूरवर नि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीवर. मी मात्र तो अल्बम लावतो ब्रिजभूषण काबरांच्या गिटारसाठी. गिटारवर इतकी लांब, न तुटणारी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं! याबद्दल मी फारच कमी लिहिलं, अशी तक्रार तुम्ही करायला हवी होती.

तिसऱ्या आक्षेपात तुम्ही उदाहरण दिलंत जमैकाच्या वेलर्स या रेगे बँडच्या ‘कॅच अ फायर’चं (१९७३) : जमैकातलं मूळ मिश्रण (मिक्स) तेवढं खरं, लंडनमध्ये निर्माते ख्रिस ब्लॅकवेल यांनी रॉकच्या श्रोत्यांसाठी वरून चढवलेली गिटार आणि कीबोर्ड ही भेसळ. घटना तुम्ही सांगता तशाच घडल्या. ‘भेसळ’ हे मात्र तुम्हाला वाटलेलं आहे की! मूळ मिश्रण २००१मध्ये बाहेर आलं. मी दोन्ही ऐकलीत. जमैकाच्या मिश्रणात आवाज जास्त कोरडा, बेस अगदी अंगाशी येतो, आणि बऱ्याच गाण्यांना ते शोभतंही. पण ‘काँक्रीट जंगल’मध्ये मला वेन पर्किन्सची गिटार हवीच. अलाबामाच्या या वादकाला रेगे नवखं होतं, आणि तरी (किंवा म्हणूनच) ती गिटार अशी काही वर चढत जाते की मूळ मिश्रणात मी तिची वाट बघत बसतो.