पाठीला पाठ

रोमँटिक कॉमेडी बनवलेल्या विद्यार्थ्याला आपण रोमँटिक कॉमेडी बनवली आहे हे कबूल करणं फार जड जातं. आमचा दिग्दर्शक तिला 'नात्यांचा शोध' म्हणायचा. लेखक 'शहरी एकटेपणाकडे टाकलेला तिरका कटाक्ष' म्हणायचा. निर्माता, म्हणजे ज्याच्या घरातला कॅमेरा होता तो, नुसतं 'आपली फिल्म' म्हणायचा आणि विषय बदलायचा. प्रत्यक्षात 14 मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये एक मुलगा आणि एक मुलगी चुकून एकमेकांच्या बॅगा घेऊन जातात, त्यावरून कडाकडा भांडतात आणि शेवटी बॅगा परत करायची वेळ येते तेव्हा दोघांचाही पाय निघत नाही. याला काय म्हणतात ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण ते चारचौघांत बोलून दाखवायचं काम पोस्टरवर सोपवलेलं होतं, आणि पोस्टर माझ्यावर.

पोस्टरला आडपडदा परवडत नाही. जिन्यावरून घाईत जाणारा माणूस त्याच्याकडे जेमतेम दोन सेकंद बघतो. तेवढ्यात त्याला कळायला हवं, की इथे हसायचं आहे, रडायचं आहे की किंचाळायचं आहे. म्हणून तर या खुणा इतक्या ठरलेल्या असतात. अंधारातलं घर आणि एकच खिडकी उजळलेली, म्हणजे भूत. स्वच्छ पांढरी पार्श्वभूमी, ठसठशीत लाल अक्षरं, हाताची घडी घालून पाठीला पाठ लावलेली दोन माणसं आणि त्यातल्या एकाची भुवई वर, म्हणजे प्रेम आणि विनोद. मी इमानदारीत तसा कच्चा आराखडा करून नेला.

दिग्दर्शक बराच वेळ बघत राहिला.

"हे जरा जास्तच आनंदी वाटतंय गं."

त्याला हवा होता निळसर काळोख, पाऊस आणि दूरवर एक पाठमोरी आकृती.

"फिल्ममध्ये पाऊस आहे?" मी विचारलं.

"नाही. पण पडू शकला असता."

शीर्षकासाठी त्याने मनाशी ट्रेजन हा फाँट ठरवून ठेवला होता. 1989 साली कॅरोल ट्वॉम्बली या डिझायनर बाईंनी रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरची अक्षरं समोर ठेवून तो घडवला. स्तंभ इ. स. 113 मधला, लढाया जिंकल्याबद्दल उभारलेला. पुढे हॉलिवूडच्या गंभीर पोस्टरांवर या फाँटचा सुळसुळाट झाला, त्यामुळे तो दिसला की आपोआप कुणीतरी मरणार असं वाटतं. बॅगांच्या अदलाबदलीला इतका रोमन थाट कशाला, असं मी विचारणार होते, पण त्याची गरज पडली नाही. त्या फाँटमध्ये देवनागरी नाही. माझ्या आयुष्यात लिपीने माझी बाजू इतक्या ठामपणे क्वचितच घेतली असेल.

अर्थात लिपीने त्याची वसुलीही केली. आमच्या शीर्षकात सात शब्द, एक स्वल्पविराम आणि शेवटी तीन टिंबं होती. ती तीन टिंबं काढायला लेखक तयार नव्हता, कारण 'खरी फिल्म तिथेच आहे'. त्या सात शब्दांत एक 'परिस्थिती' होती. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी मुद्दाम चालू करावी लागते. ती केली नाही, की पहिली वेलांटी 'प'च्या शेजारची जागा सोडून 'र'च्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि 'स'चा पाय मोडून तो 'थ'पासून विभक्त होतो. माझ्या यंत्रावर सगळं ठीक होतं. छपाईआधी एकदा उघडून बघते म्हणून संकलकाने फाइल तिच्या यंत्रावर उघडली आणि तिकडून उत्साहाने फोन केला, "तुटलेल्या नात्यासाठी तुटलेली अक्षरं! कसलं भारी सुचलंय तुला!" दिग्दर्शकालाही ते आवडलं. शीर्षक जुळलेल्या अक्षरांत छापायचं की तुटलेल्या, यावर सभा भरली. मी वेळेवर सगळी अक्षरं आकृत्यांत बदलून टाकली, म्हणजे यापुढे ती कुठल्याही यंत्रावर नवा अर्थ सुचवणार नाहीत.

मग फोटो. "फोटो कशाला काढायचे? आख्खी फिल्म पडली आहे, त्यातली हवी ती फ्रेम घे," असं मला मोठ्या मनाने सांगण्यात आलं. सेकंदाला 24 फ्रेम, 14 मिनिटं. गुणाकार केला तर वीस हजारांवर फ्रेम होतात. एवढ्यांतून एक निघणार नाही का? तर नाही. चित्रीकरणात नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक फ्रेमला शटर सेकंदाचा 48वा भाग उघडं राहतं. तेवढ्या वेळात हललेला हात पुसट उमटतो, आणि तो पुसट असतो म्हणूनच पडद्यावर हालचाल सलग वाटते. थांबवून बघितलं की नायकाच्या मनगटापुढे नुसता धूर. शिवाय बोलणारा माणूस कुठेही थांबवला तरी तो एका अक्षराच्या मध्यात सापडतो. नायिका 'मी तुझी वाट बघत होते' म्हणते त्या अत्यंत हळव्या वाक्यात मी तिला सगळीकडे थांबवून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी तिला शिंक येत होती. एकच फ्रेम अशी मिळाली, की तिची नजर प्रेमाने ओथंबलेली आहे, ओठ मिटलेले आहेत, हात जागेवर आहेत. ती वर लोंबणाऱ्या माइककडे बघत होती.

आणि समजा मिळालीच असती, तरी छापणार कशी? आमची फिल्म 1920 बाय 1080 ठिपक्यांची. छपाई चांगली हवी तर इंचाला 300 ठिपके धरतात. भागाकार केला की साडेसहा इंचांच्याही आत रुंदी आणि साडेतीन इंचांच्या जरा वर उंची. आम्हाला हवा होता ए-थ्री, 297 बाय 420 मिलिमीटर. ही आकडेमोड मी सर्वांना फळ्यावर करून दाखवली. निर्माता म्हणाला, "मग जरा ओढून मोठा कर ना." व्यावसायिक चित्रीकरणात निव्वळ स्थिरचित्रं काढायला वेगळा फोटोग्राफर का ठेवतात, हे मला त्या क्षणी पोटातून समजलं.

शेवटी फोटो काढायचे ठरले. नायिकेची परीक्षा दुपारी, नायकाची सकाळी, त्यामुळे दोघं एका वेळी मिळेनात. इथे मात्र मला त्या पाठीला पाठ लावलेल्या पोस्टरांची खरी थोरवी कळली. प्रेमात पडलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघायचं असेल तर नजरा जुळाव्या लागतात, आणि त्यासाठी दोघांनी हजर असावं लागतं. पाठ लावायची असेल तर दुसऱ्याची गरजच नाही. सकाळी मी नायिकेला कपाटाला टेकवून उभं केलं, संध्याकाळी नायकाला दाराला. नंतर कपाट आणि दार पुसून टाकायचं, आणि दोघांना एकमेकांच्या अंगावर ढकलून द्यायचं. तिच्यावर सकाळचं ऊन डावीकडून आलं होतं, त्याच्यावर ट्यूबलाइट उजवीकडून. एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोघांच्या सावल्या विरुद्ध दिशांना पळत होत्या. दिग्दर्शक म्हणाला, "हे राहू दे. यातून अंतर जाणवतं." त्याला काहीही दाखवलं तरी अंतर जाणवायचं.

दोघांना शेजारी आणल्यावर एक गोष्ट उघड झाली, जी कॅमेरामनने संपूर्ण फिल्मभर शिताफीने लपवली होती. नायिका नायकापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. फिल्ममध्ये हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती कायम बसलेली असते आणि तो जिन्यावर एक पायरी वर असतो. (त्या फिल्ममध्ये इतके जिने का आहेत याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. लेखकाने मुलाखतीत त्यांना प्रतीक म्हणायची तयारी करून ठेवली होती.) नायकाने मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, की थोडं वर सरकवता येईल का. मी त्याला वर सरकवला. पाय अधांतरी दिसायला लागले म्हणून गुडघ्याखाली चित्र कापलं. नायिकेने बारकाईने बघितलं आणि म्हणाली, "अगं, माझे बूट नवीन होते."

नावांचा प्रसंग मी थोडक्यात उरकते, कारण त्यातले काही लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. मोठ्या चित्रपटांच्या पोस्टरवर पुष्कळदा याच्या डोक्यावर त्याचं नाव असतं. तो गलथानपणा नसतो. नावांचा क्रम करारात ठरलेला असतो, डावीकडचं नाव पहिलं धरतात, आणि चेहरे मात्र चित्राच्या सोयीने बसतात. तळाशी ती उंच, आवळलेली, डोळ्यांना ताण देणारी श्रेयनामावली असते, तिचंही मूळ करारांत आहे. नावाची उंची शीर्षकाच्या अमुक टक्के हवी असं लिहिलेलं असतं, रुंदीबद्दल फारसं कुणी बोललेलं नसतं, म्हणून डिझायनर अक्षरांना दोन्ही बाजूंनी चेपतात. आमच्याकडे करार नव्हते. त्यामुळे भांडायला मर्यादाही नव्हती. शिवाय देवनागरी चेपायला गेलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. सहा जणांनी मिळून सगळी कामं केलेली, तेव्हा तीच सहा नावं फिरून फिरून येत होती. दिग्दर्शकाचं नाव कथाविस्तार, संकल्पना, दिग्दर्शन आणि 'ध्वनी-विचार' या चार ठिकाणी होतं. ध्वनी प्रत्यक्ष मुद्रित करणाऱ्या मुलाने एकच शांत प्रश्न विचारला, "मग मी काय केलं?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण फिल्ममध्ये नायकाचे संवाद नीट ऐकू येत नाहीत.

दिग्दर्शकाला नावांच्या वर महोत्सवांची ती पानांची दोन डहाळ्यांची मुद्राही हवी होती. कोणत्या महोत्सवात निवड झाली, असं मी विचारलं. "पाठवणार आहे," तो म्हणाला. "तू जागा धरून ठेव." निवड झाली की महोत्सव स्वतःच ती मुद्रा पाठवतात, हे त्याला सांगून मी दोन डहाळ्यांमध्ये 'निकाल प्रलंबित' असं लिहून दाखवलं. तो रागावला नाही, विचारात पडला. त्याचा विचार पूर्ण व्हायच्या आत मी तो थर, म्हणजे चित्रावर वेगळा ठेवलेला तो तुकडा, पुसून टाकला.

माझा खरा जीव अडकला होता गुलाबी रंगात. काळोखाच्या मागणीवर तडजोड म्हणून मी पार्श्वभूमीला झगझगीत गुलाबी केलं होतं. पडद्यावर ते असं काही उजळायचं, की बघताक्षणी कुणीही प्रेमात पडावं, निदान फिल्मच्या. पण पडदा रंग करतो प्रकाशातून आणि छापखाना करतो चार शाईंतून: निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पडद्यावरचे काही रंग या चौघींच्या आवाक्यातच येत नाहीत, आणि झगझगीत गुलाबी हा त्यांतला अट्टल. नमुना छापून आला तो दुखऱ्या हिरडीच्या रंगाचा. मी हबकले. दिग्दर्शक मात्र पहिल्यांदाच मनापासून हसला. "आता कसं! आता यात वेदना आहे." अशा रीतीने रंगावर आमचं एकमत झालं.

माझं मत विचाराल तर सगळ्यात उत्तम कल्पना मी आधीच मांडली होती आणि ती एका वाक्यात मेली. एका विशिष्ट चित्रपटासाठी केलेलं जगातलं पहिलं पोस्टर 1896 चं मानतात. मार्सेलँ ओझॉल या चित्रकाराने ल्युमिए बंधूंच्या एका मिनिटभराच्याही आतल्या विनोदी फितीसाठी ते काढलं. पडद्यावर एक पोरगा बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याला त्याच्याच नळीतून भिजवतो आहे, आणि पोस्टरचा मोठा भाग व्यापलाय तो पुढे बसून खदखदणाऱ्या प्रेक्षकांनी. किती सरळ! इथे काय मिळेल? हसू मिळेल. मी म्हटलं, आपणही हेच करू, हसणारे प्रेक्षक दाखवू.

खोलीत शांतता पसरली. मग निर्मात्याने विचारलं, "ते कुठून आणायचे?"

पोस्टर झालं म्हणजे काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांना फोनचे आकार माहीत नसतात. चौरस वेगळा, उभा वेगळा, आडवा वेगळा. 1080 बाय 1920 च्या उभ्या चित्रात वर-खाली फोनची बटणं येतात आणि नेमकी नावंच झाकली जातात, हे मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. आडव्यात दोघांच्या मध्ये इतकी मोकळी जागा उरली, की शीर्षकाचे सातही शब्द तिथे मावले आणि दोघं एकमेकांना ओळखेनाशी झाली. गोल चित्रात फक्त दोन खांदे राहिले. ट्रेलर हा माझा प्रांत नव्हता, तरी मत विचारलं म्हणून सांगते: तो अडीच मिनिटांचा होता, म्हणजे फिल्मच्या सहाव्या हिश्शाहून मोठा. फिल्ममध्ये विनोद चार आहेत. ट्रेलरमध्ये पाच, कारण एक फिल्ममधून कापला गेला होता. तोच सर्वांत चांगला होता.

प्रदर्शनाला लोक बऱ्यापैकी आले. पोस्टर बघून आलो म्हणणारेही भेटले, त्यांतल्या एका बाईंना हे दंतवैद्यकाच्या शिबिराबद्दल आहे असं वाटलं होतं, पण आल्याच आहेत तर त्या बसल्या. खेळ संपल्यावर नायिकेची आई मला शोधत आली. पोस्टर त्यांना इतकं आवडलं होतं की दिवाणखान्यात लावायला एक प्रत हवी होती.

"फक्त त्यातला तो मुलगा नको," काकू म्हणाल्या. "जमेल का गं?"

दोघं वेगवेगळ्या थरांवर होते. सॉफ्टवेअरमध्ये थरापुढे तो दाखवायची-लपवायची डोळ्याची खूण असते; तो एक डोळा मिटवायचा अवकाश, मुलगा गेला. आता त्यांच्या लेकीने हाताची घडी घातली आहे, एक भुवई वर केली आहे आणि कशालाही न टेकता ती मागे झुकून उभी आहे. मी काकूंना विचारलं, विचित्र तर नाही ना दिसत? त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"छे गं," त्या म्हणाल्या. "उलट आता उंची दिसते."