एक पाना, चार विटा आणि हाताचा अंदाज

गेल्या महिन्याभरात हा संदेश मला चार गटांतून आला आणि चारही वेळा मी तो पूर्ण न वाचताच पुसून टाकला. पाचव्यांदा तो मला माझ्या भाच्याच्या जीपखाली भेटला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

‘फोर बाय फोर (म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना देता येणारी गाडी) घरीच सांभाळा, गॅरेजवाल्यांची लूट थांबवा’ अशा मथळ्याच्या त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बारा इंची एक ॲडजस्टेबल पाना घेतला की गाडीचा प्रत्येक नट त्याने खुलतो आणि पान्यांचे संच हा दुकानदारांचा धंदा आहे. नट निघत नसेल तर पान्याला पाइप लावावा. टॉर्क रेंच, म्हणजे नट किती आवळला ते मोजणारा पाना, हे श्रीमंतांचे खेळणे असून मेहनती हाताला आपोआप अंदाज असतो, शिवाय नट जितका जास्त आवळाल तितका तो सुरक्षित. उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर पैसे घालवू नयेत, गाडीसोबत आलेला जॅक आणि चार विटा पुरतात. गंजावर डिझेल ओतावे. आणि अवजारे घ्यायचीच असतील तर परदेशी घ्यावीत, कारण देशी म्हणजे भंगार.

भाचा नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. दिवाळीनंतर त्याने महिंद्राची एक जुनी एमएम ५४० घेतली आणि पावसाळ्यात तो तिला अंजनेरीकडच्या चिखलात घालून आला. मागल्या रविवारी मी त्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पोहोचलो तेव्हा जीपचे मागचे डावे चाक काढून भिंतीला टेकवलेले होते, ॲक्सलच्या नळीखाली एकावर एक रचलेल्या चार विटा होत्या, जॅक काढून बाजूला ठेवलेला होता आणि चिरंजीव खाली पाठीवर पडून स्प्रिंगला ॲक्सलशी बांधणाऱ्या यू-बोल्टचे नट ॲडजस्टेबल पान्याने ओढत होते. प्रत्येक हिसक्याबरोबर गाडी बोटभर डुलत होती. सर्वांत वरच्या विटेच्या कोपऱ्यावर राखाडी भुगा जमला होता. “मामा, वजन पेलते की, भिंत नाही का उभी राहत विटांवर,” असे तो खालूनच म्हणाला. त्याला बाहेर काढेपर्यंत मी काय बोललो ते येथे छापण्याजोगे नाही.

म्हणून विटांपासूनच सुरुवात करतो. बाकीच्या सल्ल्यांनी बोल्ट तुटतात, बोटे सोलतात. या सल्ल्याने माणूस जातो.

भिंतीत विटेवर येणारे वजन तिच्या सपाट पृष्ठभागावर सारखे पसरलेले असते. ॲक्सलची नळी गोल आहे, त्यामुळे ती विटेला एका अरुंद रेघेवर टेकते. सव्वा ते दीड टनाच्या जीपची मागची एक बाजू साधारण ३५० किलो धरली आणि टेकण्याची जागा चार चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८७ किलोचा दाब पडतो. बांधकामाला वापरतात त्या फ्लाय ॲशच्या ७.५ वर्गाच्या विटेची संपूर्ण पृष्ठभागावर मोजलेली ताकद सुमारे ७५ किलो असते आणि वजनाला हलके म्हणून हल्ली सर्रास वापरले जाणारे सिपोरेक्सचे ठोकळे तर साधारण ३० ते ४० किलोंतच आटोपतात. हा हिशेब ढोबळ आहे, पण तो गाडी स्थिर उभी असतानाचा आहे. खाली पडून पाना ओढणारा माणूस त्या ढिगाला आडवा हिसका देत असतो आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या विटांची उतरंड आडव्या जोरासाठी कोणी रचलेली नसते. लोखंड आधी वाकते, कुरकुरते, काहीतरी इशारा देते. वीट एकदम फुटते.

दुसरी गोष्ट ‘जॅक पुरतो’ या वाक्याची. यासाठी माझ्याकडे एकच आधार आहे आणि तो गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. कोणत्याही कंपनीच्या गाडीची मालकपुस्तिका काढा आणि चाक बदलण्याचे पान उघडा: गाडीसोबतचा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी आहे आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये, अशी सूचना तेथे असतेच. पुष्कळदा जॅकवर चिकटवलेल्या कागदावर तेच चित्र काढून फुली मारलेली असते. ज्याने गाडी बनवली आणि ज्याने जॅक दिला तोच नको म्हणत असताना, निनावी संदेश लिहिणाऱ्याला हो म्हणण्याचा अधिकार कोणी दिला, हे मला समजत नाही. हायड्रॉलिक जॅक झाला तरी तो एका रबरी सीलवर उभा असतो. उचलायचे काम जॅकचे आणि पेलायचे काम स्टँडचे.

यात जीपवाल्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे आणि संदेशकर्त्याला त्याची कल्पनाही नसावी. ज्या जुन्या जिपांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, बसवलेला असतो, त्यांचे मागचे एकच चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या दातेरी चाकांमुळे) ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. इंजिनचा जोर नुसत्या मागच्या चाकांना जोडलेला असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी तेच घडते. म्हणून उचलण्यापूर्वी जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि इमारतीच्या उतरत्या रॅम्पवर तर हे काम करूच नये. तीन टनी स्टँडची एक जोडी, दोन ठोकळे आणि खाली टाकायला जाड प्लायवूडचा तुकडा, ही घरी काम करणाऱ्याची पहिली खरेदी असली पाहिजे, पाने त्यानंतर.

आणि गंमत अशी की यू-बोल्ट ओढण्यासाठी जीप उचलावीच लागत नाही. तिची उंची पुरेशी असते आणि ते नट शेवटचे ओढायचे तेव्हा गाडीचे वजन स्प्रिंगांवर असलेलेच बरे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता बारा इंची पाना, पाइप आणि ‘जितका आवळाल तितका सुरक्षित’ हे तिन्ही एकत्र घेतो, कारण चूक एकच आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये वीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर माझा पारा जरा लवकर चढतो.

पान्यांच्या संचात लहान पाना आखूड आणि मोठा पाना लांब का असतो, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने कधी केला नसावा. १३ मिलिमीटरचा पाना सुमारे १७ सेंटिमीटर लांब असतो. तो सहज, म्हणजे साधारण १५ किलोच्या जोराने ओढला की नटावर सुमारे २५ न्यूटन-मीटर इतका पीळ बसतो, आणि ८.८ या ताकदीच्या वर्गाच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टला, ज्याच्या डोक्याला हा पाना लागतो, जवळपास तेवढाच पीळ हवा असतो. तुमच्या हाताचा अंदाज म्हणतात तो बराचसा पान्याच्या लांबीत घडवलेला असतो. त्याच बोल्टाला फूटभर लांबीचा पाना लावून ३० किलोच्या जोराने ओढले तर ९० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बसतो, म्हणजे साडेतीन पट. बोल्ट ही मुळात एक ताठ स्प्रिंग आहे: ती थोडी ताणली जाते आणि परत आखडू पाहते, म्हणून दोन भाग एकमेकांना घट्ट धरले जातात. मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट आखडत नाही. तो त्या दिवशी घट्ट वाटतो आणि पुढच्या खडबडीत रस्त्यावर सैल होतो किंवा तुटतो. जास्त आवळलेला नट सुरक्षित असतो हे म्हणणे म्हणजे ताणून ढिल्या झालेल्या नाडीवर भरवसा ठेवण्यासारखे आहे.

पाइपाचे तर विचारूच नका. काही जुन्या जिपांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. स्टडच्या, म्हणजे चाकाचा नट ज्यावर बसतो त्या बोल्टच्या, टोकावर अनेकदा तशी खूणही असते. ज्याला हे ठाऊक नाही तो नट सोडवतोय या समजुतीने आवळत राहतो, निघत नाही म्हणून संदेशातल्याप्रमाणे दोन फुटी पाइप चढवतो आणि स्टड मोडून हातात घेतो. अडलेला नट सोडवण्यासाठी लांब दांडा लागतो हे मला मान्य आहे, पण त्यासाठी अर्ध्या इंची चौकोनाचा ब्रेकर बार मिळतो आणि त्यावर सहाकोनी गोटी (सॉकेट) लावायची असते. बाराकोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते, आणि रॅचेटला पाइप लावला तर आतले दाते जातात.

ॲडजस्टेबल पान्याचा जबडा थोडा सैल असतोच, हा त्याचा दोष नाही, रचना आहे. बोल्टची दुसरी बाजू नुसती धरून ठेवायला मी स्वतः तो वापरतो, आणि तेव्हाही जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने ओढतो. भाच्याने यू-बोल्टच्या दोन नटांचे कोपरे त्याच पान्याने गोल केले होते. उजेडात धरल्यावर सहा कोपऱ्यांपैकी दोन अजून ओळखू येत होते.

आणि ‘संच कशाला’ या प्रश्नाचे उत्तर जीपच्या वंशावळीत आहे. या जिपांचा सांगाडा अमेरिकी विलिस जीपच्या घराण्यातला असल्याने चासी, ॲक्सल आणि स्प्रिंगांकडचे बोल्ट बहुतेक इंचातले, तर एमएम ५४० चे प्यूजो घराण्यातले डिझेल इंजिन मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो पण तीन दशांश मिलिमीटर खेळतो आणि जोर लावला की सटकतो. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ चा चढत नाही आणि १५ चा नाचतो. ५/८ ला १६ चा आणि ५/१६ ला ८ चा मात्र जवळजवळ चपखल बसतो, म्हणून ‘मिलिमीटरचे पाने सगळीकडे चालतात’ असा गैरसमज पसरतो. डोके पाहून घ्यावे: मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, इंचाच्या बोल्टवर रेघा. तीन रेघा म्हणजे पाचवा ग्रेड, सहा रेघा म्हणजे आठवा. मारुतीची जिप्सी असेल तर आणखी निराळे, तेथे १०, १२, १४, १७ हेच आकडे पुन्हा पुन्हा लागतात आणि १३ चा पाना डब्यातच पडून राहतो. संचातला कोणता पाना घ्यायचा हे तुमची गाडी ठरवते.

येथे एक कबुली नाइलाजाने देतो. दोनशेसोळा नगांचा चकचकीत डबा घेऊ नका, असे संदेशात ओघात म्हटले आहे आणि ते बरोबर आहे. त्यातले निम्मे नग वर्षभर हात न लागता राहतात आणि नेमका ९/१६ त्यात नसतो. माझ्या मते ८ ते १९ पर्यंतचे रिंग-फिक्स पाने, जीप जुनी असल्यास ७/१६ ते ३/४ पर्यंतचे इंची पाने, अर्ध्या इंची चौकोनाच्या सहाकोनी गोट्या, ब्रेकर बार, किलोभराचा हातोडा, ग्रीस गन आणि ४० ते २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच एवढ्यावर घरचे बहुतेक काम निभते. टॉर्क रेंचबद्दल इतकेच सांगतो की हाताच्या अशा अवजारांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ६७८९, १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला (ठरवलेला पीळ बसताच टक्‌ वाजणाऱ्या रेंचला) अधिक-उणे ४ टक्क्यांचीच चूक माफ करते आणि ५,००० वापरांनंतर किंवा वर्षाने तपासणी सुचवते. गाडीखाली मान वाकडी करून, चिखलाने बरबटलेल्या हाताने तुमचा अंदाज चार टक्क्यांत बसत असेल तर माझा दंडवत. तो रेंच नट सोडवायला वापरू नये आणि काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.

डिझेलने गंज थोडा मऊ होतो, हेही अर्धे खरे. पण त्यासाठी आदल्या रात्री लावून ठेवावे लागते, ते ब्रेकच्या लायनिंगवर गेले तर ब्रेक लागत नाही, आणि चाकाचे नट परत बसवताना पुस्तिका सांगत नसेल तर आट्यांना तेल लावायचे नसते, कारण ओल्या आट्यांवर तोच पीळ बोल्टला कितीतरी जास्त ताणतो.

देशी म्हणजे भंगार, यावर नाशिकच्या माणसाने काय बोलावे? हाताची अवजारे बनवणाऱ्या टपारियाचा कारखाना त्र्यंबक रोडवर, सातपूरला आहे, आणि त्यांचा एक पाना माझ्या डब्यात माझ्या मुलाच्या वयाचा आहे. नकली माल परदेशी नावानेही येतो. कोरीव ठसा, जबड्यातील सफाई आणि दुकानदाराची पावती पाहावी, देश नव्हे.

भाच्याकडे आता स्टँड आहेत. गोल झालेले दोन नट छिन्नीने फोडून काढले, नवे आणले, चाक बसवून जीप चारही पायांवर उतरवली. पुस्तिका जुन्या मालकाकडून मिळाली असून यू-बोल्टचा आकडा तिच्यात सापडला आहे. टॉर्क रेंच माझा आहे, रविवारी घेऊन जाणार आहे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ते नट पुन्हा तपासायचे आहेत, हे मी त्याला डॅशबोर्डवर कागद चिकटवून ठेवायला लावले आहे.