वाट्या बदलल्या म्हणजे नेमकं काय बदललं?

पोळ्यापासून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सांधे बदलण्याचं ऑपरेशन म्हणजे पाय कापून लोखंड बसवणं, ते दहा वर्षांत निकामी होतं, पन्नाशीच्या आत कुणी सुचवलं तर ती लूटच समजा, आणि बाभळीच्या शेंगांची भुकटी खाल्ली की गुडघ्याचं वंगण परत येतं, असं त्यात लिहिलंय. खाली हात जोडलेले. माझ्या मोठीमायनं दोन वर्षांपूर्वी नागपूरला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. त्यामुळे गल्लीतले सगळे हा मेसेज घेऊन आमच्याच ओसरीवर येतात.

पहिलं, पाय कापण्याचं. ऑपरेशनच्या आधी मोठीमायनंही हेच विचारलं होतं, "माहे पाय कापतेत का रे बापू?" आपल्याकडे 'वाट्या बदलल्या' म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. गुडघ्याची वाटी तशीच राहते, फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं बटण बसवतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नळीच्या हाडाचं वरचं टोक साधारण आठ-दहा मिलिमीटर तासायचं, त्यावर धातूची टोपी आणि थाळी बसवायची, मधे घट्ट प्लास्टिकची गादी. घासलेल्या टोकांना नवं अस्तर, एवढंच. लोखंड तर नाहीच, बहुतेकदा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो.

दहा वर्षांचं म्हणणं जुनं झालं. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदवह्यांचा हिशेब आला: बदललेले शंभरातले सुमारे 82 गुडघे 25 वर्षांनंतरही टिकून होते. खुब्याचं प्रमाण कमी, सुमारे 58. आता तिकडची माणसं उकिडवं बसून निंदण करत नाहीत, हे मलाही कळतं. पण दहा वर्षांत निकामी म्हणून जितकं लांबवता येईल तितकं लांबवणारे माझ्या पाहण्यात आहेत. तोवर मांडीचा स्नायू वाळतो, पाय धनुष्यासारखा वाकतो आणि ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

पन्नाशीच्या आतल्या लुटीचं वाचून मात्र मला राग आला. हा मेसेज लिहिणाऱ्यानं गडचिरोली-चंद्रपूरकडचा सिकलसेल पाहिलेला नसावा. त्या आजारात विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं आणि हाड आतून मरून खचतं. पंचविशीतला पोरगा लंगडायला लागतो. त्याला पन्नाशीपर्यंत थांब म्हणायचं? ही ऑपरेशनं जोखमीची असतात, जंतुसंसर्गाची भीती जास्त, हे खरं. म्हणून तर अनुभवी डॉक्टर शोधायचा.

लूट होतच नाही, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. दीड लाखाच्या वर जाणारा नेहमीच्या वापरातला सांधा 54,720 रुपये अधिक जीएसटी यावर आला. पण ती किंमत सांध्याची. खोली, भूल, डॉक्टर हे वेगळं. म्हणून बिलात सांध्याचा आकडा वेगळा मागायचा आणि सरकारी योजनेत बसतं का हे आधी दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारायचं.

आता रोबो. मेसेजखाली कुणीतरी जोडलंय, 'रोबोकडून करा, तो चुकत नाही.' रोबो एकटा काही करत नाही. आधी बहुतेकदा सीटी स्कॅनवरून आखणी होते, बऱ्याच यंत्रांत आरी डॉक्टरच्याच हातात असते आणि आखलेल्या हद्दीबाहेर गेली की यंत्राचा हात अडवतो. काप नेमका येतो, हे खरं. पण काही वर्षांनंतर चालण्यात आणि दुखण्यात मोठा फरक पडतो, असं अजून ठामपणे दिसलेलं नाही. त्यापायी वावर गहाण टाकू नका.

राहिल्या शेंगा. त्या आमच्या बकऱ्या आवडीनं खातात, बाकी गुण मला माहीत नाही. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तपुरवठाच नसतो, म्हणून झिजली की ती भरून येत नाही, आणि पोटात गेलेली भुकटी गुडघ्यात वंगण होऊन उतरत नाही. शहरात याचाच महागडा भाऊ आहे: स्वतःच्या रक्तातलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला द्रव, काढून गुडघ्यात टोचणं. 2021 साली ऑस्ट्रेलियात 288 जणांवर त्याची चाचणी झाली, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन. वर्षभरानं दोन्हीकडे दुखणंही सारखं, झीजही सारखी.

एका बाबतीत मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला ऑपरेशन लागत नाही. 2015 मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात 50 जणांना आधी फक्त व्यायाम, वजन कमी करणं, गोळ्या असे उपचार दिले. वर्षभरात त्यातल्या 13 जणांनीच ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या गटातल्या ज्यांचं ऑपरेशन सुरुवातीलाच केलं होतं त्यांना आराम जास्त पडला, पण गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त. आणि एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो.

मोठीमायचा व्यायाम बाजेवर चालतो. गुडघ्याखाली दुपट्ट्याची गुंडाळी ठेवायची, दाबून धरायची, दहा मोजायचे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं तेव्हा ती नर्सवर ओरडली होती. आज गुडघा मुडपतो, पण उकिडवं बसण्याइतका नाही. घरी कमोड बसवावा लागला. निंदण सुटलं. कपाशी वेचायला जाते, ती उभ्यानं होते. चहाच्या सुट्टीत बाकीच्या बाया धुऱ्यावर बसतात, आणि ही घरून नेलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्यांना आपली टाक्यांची खूण दाखवते.